गाडी अडते तेव्हा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



ज्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठ्यांचा उत्तरेतील इतिहास अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली, तीत बंद पडलेल्या मोटारीविषयी बोलावयास आम्ही उभे आहोत, याचे काही श्रोत्यांना नवल वाटत असेल. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्य घालविलेले एक साधे बी.ए. आहोत. यंत्रशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. तथापि बदल्यांच्या निमित्ताने अनेक प्रांतांत गाडी चालविण्याचा, ती अडल्याचे पाहण्याचा आणि ती पुन्हा चालू करणाऱ्या कारागिरांशेजारी उभे राहून प्रश्न विचारण्याचा योग आम्हांस पुष्कळ आला. चिटणिसांनी हा विषय सुचविला त्यामागे एक कारण आहे, आणि ते आम्हांस पूर्णपणे पटले.

मंडळ स्थापन झाले तेव्हा सभासदांपैकी मोटार असणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आज दून खोऱ्यातील आपल्या बहुतेक बिऱ्हाडांच्या दारी गाडी उभी आहे. परंतु ती चालविणारी मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला अथवा परदेशी गेली, आणि दारात गाडी व घरात दोन वृद्ध माणसे असे चित्र अनेक ठिकाणी दिसू लागले. गेल्या हिवाळ्यात आपल्यातीलच एका ज्येष्ठ दांपत्यास मध्यरात्री रुग्णालय गाठावयाचे होते. गाडी तीन आठवडे जागची हललेली नव्हती. किल्ली फिरवली तर ‘टक्’ एवढाच आवाज आला. शेजारच्या सरदारजींनी आपली गाडी काढली म्हणून पुढचा प्रसंग टळला. दुसऱ्या दिवशी पाहिले तेव्हा एक टर्मिनल पांढऱ्या बुरशीसारख्या क्षाराने भरलेले आणि सैल झालेले आढळले. चिमूटभर क्षाराने एका जीवावर संकट आणले होते! आप्तस्वकीयांपासून दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ज्ञान केवळ मेकॅनिकवर सोपवून चालणार नाही, असे आमचे नम्र मत आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. घरात आजारी माणूस असेल तर बोनेट उघडत बसू नये. प्रथम १०८ अथवा ११२ हा क्रमांक फिरवावा, शेजाऱ्यांचे दार ठोठवावे, आणि मग वेळ उरल्यास गाडीकडे पाहावे. पुढील सारे विवेचन त्यानंतरचे आहे.

इंजिनाला चालण्यासाठी काय लागते? कोणीतरी त्यास आरंभी फिरवावे लागते, हवा लागते, इंधन लागते, आणि पेट्रोलच्या इंजिनात योग्य क्षणी ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते; हवा दाबली जाऊन इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून थंडीत डिझेलची गाडी चालू करताना हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावे लागते. या मोजक्या गोष्टींपैकी एखादी नाही म्हणूनच गाडी अडते. कचेरीत एखादी फाईल अडली म्हणजे आपण सर्व टेबले धुंडाळीत नाही. ती शेवटची कोणत्या टेबलावरून हलली एवढेच विचारतो. येथेही तोच न्याय लावावयाचा आहे.

पूर्वी इंजिन फिरविण्याचे काम मनुष्याच्या मनगटाकडे होते. हँडल उलटे फिरून मनगट मोडल्याच्या घटना घडत. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ बसविण्यात आला आणि हे काम बॅटरीकडे आले. आपल्याकडील अँबॅसडरला आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाटला मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे हँडलची सोय होती, हे येथील अनेकांना आठवत असेल. आजच्या गाडीला ती सोय नाही. म्हणून बॅटरी संपली की सारे संपते.

आता पहिला प्रश्न: किल्ली फिरवल्यावर सेल्फ फिरतो काय? या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मे निदान होते.

सेल्फ फिरत नसेल, अथवा कण्हत कण्हत फिरत असेल, तर पुढचे दिवे लावून पुन्हा किल्ली फिरवावी आणि दिव्यांकडे पाहावे. दिवे मुळातच मंद असतील, अथवा सेल्फच्या वेळी फार मंदावत असतील, तर बॅटरी उतरली आहे. दिवे एकदम विझून जात असतील तर बहुधा टर्मिनल सैल आहे. दिवे लखलखीत राहून काहीच घडत नसेल तर दोष सेल्फमध्ये, त्याच्या रिलेमध्ये अथवा किल्लीच्या स्विचमध्ये शोधावा. पण तत्पूर्वी एक साधी गोष्ट पाहावी. पुष्कळ नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याखेरीज सेल्फ घेत नाहीत. आणि स्वयंचलित गिअरची गाडी ‘पी’ अथवा ‘एन’ या स्थानीच चालू होते. बटणाने चालू होणाऱ्या गाडीत ब्रेकवर पाय असावा लागतो. गाडीने ‘किल्ली सापडत नाही’ अशी सूचना दिली तर किल्लीतील बटणासारखा सेल संपला असे समजावे. अशा वेळी किल्लीच पुष्कळ गाड्यांत बटणाजवळ धरली की गाडी तिला ओळखते. ही युक्ती आपापल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत आजच पाहून ठेवावी.

टर्मिनलवरील क्षार कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशाने धुवावा, जोड घट्ट करावा, वर थोडे व्हॅसलीन लावावे. जोड काढताना ऋण तार प्रथम काढावी आणि लावताना ती शेवटी लावावी, म्हणजे पाना चुकून गाडीच्या लोखंडास लागला तरी ठिणगी उडत नाही.

गाडी नुसती उभी असताना बॅटरी का उतरते, असे भगिनी विचारतात. आजच्या गाडीतील गजर, घड्याळ आणि नियंत्रक यंत्रणा झोपेतही थोडी वीज घेत असतात. ही वीज ३० मिलिअँपिअर धरली तर एका दिवसात सुमारे पाऊण अँपिअर-तास आणि तीन आठवड्यांत सुमारे पंधरा अँपिअर-तास खर्च होतात. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे जवळ जवळ निम्मी शिल्लक सरली! त्यात बॅटरी जुनी असेल आणि थंडी असेल, तर इंजिनातील तेल घट्ट झाल्याने सेल्फला अधिक जोर लागतो आणि बॅटरी मात्र कमी देते. उन्हाळा बॅटरीचे आयुष्य खातो आणि हिवाळा तिचे पितळ उघडे पाडतो. विश्रांत अवस्थेत चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२ च्या आसपास आला तर ती रिकामी समजावी. इंजिन चालू असताना हा आकडा १४ च्या जवळपास दिसला पाहिजे. न दिसल्यास बॅटरी नव्हे, तर तिला भरणारा आल्टर्नेटर दोषी आहे, आणि नवी बॅटरी विकत घेऊनही ती चार दिवसांत पुन्हा उतरणार.

दुसऱ्याच्या गाडीवरून वीज घ्यावयाची असेल तर क्रम पाठ असावा. दोन्ही गाड्या बंद, आणि एकमेकींना स्पर्श न करणाऱ्या. तांबडी केबल प्रथम आपल्या बॅटरीच्या धन टोकास, मग शेजाऱ्याच्या धन टोकास. काळी केबल शेजाऱ्याच्या ऋण टोकास, आणि तिचे शेवटचे टोक आपल्या बॅटरीस नव्हे, तर बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूस. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटच्या जोडणीस ठिणगी उडते, म्हणून ही दक्षता. त्या वेळी कोणी जवळपास विडी-सिगारेट ओढू नये. शेजाऱ्याची गाडी काही मिनिटे चालू ठेवून मग आपली चालू करावी आणि केबली उलट क्रमाने काढाव्यात. इंजिन आणि मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या संकरित गाड्यांचे नियम निराळे असतात. तेथे पुस्तिकेचेच ऐकावे.

धक्का मारणे हा तर आपला राष्ट्रीय उपाय! हाताने गिअर टाकावयाच्या गाडीस तो चालतो: किल्ली चालू, गिअर दुसरा, क्लच दाबलेला, आणि वेग आला की क्लच सोडावा. स्वयंचलित गिअरच्या गाडीस तो मुळीच चालत नाही. आणखी एक इशारा. इंजिन बंद असता ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. म्हणून उतारावर, विशेषतः मसूरीच्या रस्त्यासारख्या घाटात, धक्क्याचा प्रयोग करू नये.

दुसरा प्रश्न: सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, असे आहे काय? मग बॅटरी निर्दोष आहे. तिला उगाच थकवू नये. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट तरी थांबावे. येथे शोध इंधन, हवा आणि ठिणगी यांचा घ्यावयाचा. टाकीत पेट्रोल आहे काय, हे विचारताना संकोच बाळगू नये. काटा नेहमी खरे सांगतोच असे नाही. किल्ली चालू स्थितीत आणली की आजच्या पेट्रोल गाडीत मागच्या बाजूने दोन-एक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो पेट्रोलच्या पंपाचा आवाज. तो आला नाही तर पंप, त्याचा फ्यूज अथवा रिले पाहावयास हवा. किल्लीच्या चित्राचा दिवा सतत लुकलुकत असेल तर चोरीप्रतिबंधक यंत्रणेने आपली किल्ली ओळखलेली नाही. घरातील दुसरी किल्ली लावून पाहावी.

येथे आणखी एका गुन्हेगाराचे नाव घेणे प्राप्त आहे. उंदीर हे गणरायाचे वाहन असल्याने आपण त्याचा आदर करतो, परंतु आपल्या वाहनावर त्याची मुळीच कृपादृष्टी नाही. थंडीत उबेसाठी तो बोनेटखाली शिरतो आणि वायरी कुरतडतो. बरेच दिवस उभी असलेली गाडी एकाएकी चालू होईनाशी झाली तर बोनेट उघडून लेंड्या, चिंध्या आणि तुटक्या वायरी दिसतात काय, हे प्रथम पाहावे.

जुन्या काळच्या मोटारीत येथे कार्ब्युरेटर, चोक आणि डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट यांची मोठी कथा होती. चोक अधिक ओढला की पेट्रोल जास्त होऊन प्लग ओले होत, आणि उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरे. मग फियाटचे मालक पंपावर ओले फडके टाकून झाडाखाली पाच-दहा मिनिटे बसत. २००० सालाच्या सुमारास कार्ब्युरेटर मागे पडला आणि २०१४ साली अँबॅसडरचे उत्पादनही थांबले. आजची गाडी स्वतःच्या दोषाची नोंद स्वतःच्या स्मृतीत ठेवते. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला म्हणजे अशी नोंद झाली आहे असे समजावे. ती वाचणारे लहानसे उपकरण आता बाजारात सहज मिळते. मात्र नोंद म्हणजे निकाल नव्हे. ती केवळ साक्ष होय. ‘भाग बदला’ असे ती सांगत नाही, ‘येथे पाहा’ एवढेच सांगते.

बंधुभगिनींनो, वाटेत गाडी अडली असता विचाराने काय साधते, याचे पहिले उदाहरण एका गृहिणीनेच घालून दिले आहे. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीत बेर्था बेंझ या बाई आपल्या यजमानांना न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यांनी बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून मॅनहाइमहून फोर्ट्सहाइम येथे आपल्या माहेरी निघाल्या. सुमारे शंभर किलोमीटरांचा तो प्रवास. इतक्या लांबचा मोटारप्रवास त्यापूर्वी कोणी केलेला नव्हता. इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी टोपीच्या पिनेने ती मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली तेव्हा मोजाबंदाने ती गुंडाळली. इंधन संपले तेव्हा औषधांच्या दुकानातून घेतले. आपल्या भगिनीवर्गाने यंत्राला भिऊ नये, एवढ्याचसाठी ही हकीकत सांगितली.

तिसरा प्रश्न: गाडी चालू होते, पण चालता चालता बंद पडते काय? येथे ती कोणत्या वेळी बंद पडते हेच सर्वांत मोठे प्रमाण. चौकात थांबल्यावर, एसी लावल्यावर बंद पडत असेल, तर संथ गतीत हवा सोडणारा मार्ग काजळीने भरलेला असण्याचा संभव असतो. तो साफ केल्याने भागते. चढावर अथवा वेगात आचके देऊन बंद पडत असेल, तर इंधनाचा फिल्टर तुंबला आहे किंवा पंप थकला आहे असा तर्क करावा. डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी साचले तरीही असेच घडते. इंजिन चांगले तापल्यावर एकाएकी बंद पडते आणि अर्ध्या तासाने, जणू काही घडलेच नाही अशा रीतीने, चालू होते, अशी तक्रार असेल तर इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर अथवा कॉइल उष्णतेने दगा देत असल्याची शंका घ्यावी. चालत्या गाडीत बॅटरीचा तांबडा दिवा लागला, तर पट्टा तुटला अथवा आल्टर्नेटर थांबला. तापमानाचा काटा त्याच वेळी चढत नसेल तर एसी आणि अनावश्यक दिवे बंद करून, इंजिन मात्र बंद न करता, जवळच्या वस्तीपर्यंत जावे. तापमानाचा काटा वर गेला असेल तर त्वरित थांबावे, आणि रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये. आतील उकळते पाणी दाबाखाली असते. ते तोंडावर उडते.

पाण्याविषयी सर्वांत महत्त्वाचे सांगावयाचे आहे. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा चालू करण्याचा यत्न करू नये. हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर ते दाबले जात नाही, आणि आतील दांडे वाकून इंजिनच निकामी होते. पण इंजिनापेक्षा माणूस मोठा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी बंद गाडीतच थांबून राहिलेली काही माणसे प्राणास मुकली. पाणी चढू लागताच, काचा उघडता येत आहेत तोवर, गाडी सोडून उंच जागी जावे. तोच न्याय रेल्वेच्या फाटकाला. रुळांवर गाडी अडली तर प्रथम सर्वांनी उतरून दूर जावे आणि फाटकवाल्यास कळवावे. गाडीचा विचार नंतर.

महामार्गावर अडल्यास गाडी शक्य तितकी डाव्या कडेस घ्यावी, चारी दिवे लुकलुकते ठेवावेत, त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा, आणि मंडळींना गाडीत न बसविता रस्त्यापासून दूर उभे करावे. उत्तरेच्या धुक्यात अडलेल्या गाडीत बसून राहणे हे बिघाडाहून अधिक घातक होय. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर अहोरात्र मदत मागता येते.

मेकॅनिकशी बोलण्याविषयी दोन शब्द. ‘गाडी बिघडली आहे’ असे सांगितले की तो आपल्या सोयीने प्रारंभ करतो आणि खर्च आपल्या खिशातून होतो. त्याऐवजी त्याच्याच भाषेत नेमके सांगावे: ‘सेल्फ घूम रहा है, पर गाड़ी पकड़ नहीं रही’, अथवा ‘गरम होने पर बंद होती है, ठंडी होने पर चल पड़ती है’. लक्षण अचूक सांगणाऱ्या गिऱ्हाइकाची परक्या मुलखातही फसवणूक सहसा होत नाही. बदललेला जुना भाग मात्र मागून घ्यावा.

आता ज्यांची गाडी दारात उभीच असते त्यांच्यासाठी. आठवड्यातून एकदा ती वीस-तीस मिनिटे रस्त्यावर चालवावी. जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून सेल्फने घेतलेली वीजही पुरती परत येत नाही. महिनाभर गावी जावयाचे असल्यास बॅटरीची ऋण तार जाणत्याकडून काढून घ्यावी. बॅटरीवर खरेदीची तारीख लिहून ठेवावी. तीन वर्षांनंतर प्रत्येक हिवाळ्याआधी ती तपासून घ्यावी. डिकीत केबल, विजेरी, त्रिकोण, पाण्याची बाटली आणि हवा भरलेली स्टेपनी असावी.

शेवटी मंडळास एक विनंती. आपल्या सभासदसूचीत नाव, पत्ता आणि दूरध्वनी असतो. त्यापुढे आणखी एक रकाना घालावा, आणि ज्यांच्यापाशी केबल आहे व रात्री-अपरात्री येण्याची तयारी आहे, त्यांच्या नावापुढे तेथे खूण करावी. मोहल्लावार अशी दोन-दोन नावे मिळाली तरी पुरे. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी हे मंडळ गणेशोत्सवासाठी स्थापन केले खरे, पण त्यांच्या मनात मुख्य हेतू हाच होता की दूरदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला अडल्या वेळी हाक मारण्यास एक दार असावे. त्या सूचीत खूण करण्यासाठी आमचे नाव आम्ही आजच चिटणिसांकडे देत आहोत.